जुनी एफसी-१५० : पॉइंट, कंडेन्सर, कॉइल पुन्हा पुन्हा जळतायत, मूळ कुठे शोधायचं?

पसरणीघाट

नमस्कार मंडळी. आमच्याकडे महिंद्राची एफसी-१५० आहे, जीपच्या जातीची पिकअप. पेट्रोल, हरिकेन इंजिन, चार सिलिंडर. वडिलांनी नर्सरीसाठी घेतली होती आणि आजही रोपांचे क्रेट घेऊन ती वाईहून पाचगणीला चढते. बॉडी, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं धड आहे. गाडी विकायची नाही, इंजिन बदलून डिझेल बसवायचं नाही, हे आधीच सांगतो, कारण प्रत्येक गॅरेजात पहिला सल्ला तोच मिळतो.

त्रास एकच : इग्निशनचे, म्हणजे प्लगला ठिणगी देणारे पार्ट टिकत नाहीत. नवा पॉइंट सेट (कॉइलचा करंट उघड-बंद करणारा स्विच) आणि कंडेन्सर टाकला की गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. काही आठवडे छान चालते. मग एखाद्या दिवशी पसरणी घाटात, भार असताना, झटके मारायला लागते. सायलेन्सरमधून फाटफाट आवाज येतो आणि गाडी बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू होते, पुढच्या चढाला पुन्हा तेच. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून बघावं तर पॉइंट निळे पडलेले असतात. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल तर हात लावता येत नाही इतकी तापते. मागची कॉइल तर वरच्या बाजूने फुटली आणि आतलं तेल इंजिनवर गळलं.

इथल्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, ‘डुप्लिकेट माल आहे’. म्हणून पुण्याला नाना पेठेत जाऊन चांगल्या दुकानातून सगळं नवं आणलं. तरी फरक नाही.

माहितीसाठी : सिस्टम १२ व्होल्टची. पूर्वी डायनॅमो होता, तो काढून अल्टरनेटर बसवला, त्याच वेळी एका गॅरेजात वायरिंगही नवीन करून घेतलं. कॉइल इंजिनवरच ब्रॅकेटला आहे. केबिनच्या पुढच्या पत्र्यावर पांढरा चिनीमातीचा रेझिस्टर आहे. ज्यांनी अशा गाड्या हाताळल्यात त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

उद्यमनगर

दादा, पार्ट आणायचं आधी थांबवा. कोल्हापुरात आमच्याकडं असल्या पेट्रोल जीपा अजून कामाला येत्यात. एकदा जळाला तर पार्ट खराब म्हणू. तोच तोच जळतोय म्हणजे त्याला जाळणारं दुसरंच काहीतरी हाय.

पॉइंट टाकून देऊ नका, तेच सगळं सांगतंय. तोंड काजळीसारखं काळं असंल तर आत तेल नाहीतर ग्रीस उडतंय. एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ असंल तर कंडेन्सरची कपॅसिटी जुळत नाही. निळं पडलं असंल तर करंट जास्त चाललाय. चांगल्या चाललेल्या पॉइंटचं तोंड करडं असतंय, जरा खरखरीत, पण सपाट. फोटो टाका जवळनं.

आणि डिस्ट्रिब्युटर (चारी प्लगला ठिणगी वाटणारा, पॉइंट ज्याच्यात असतात तो) कुठला हाय ते बघा. ह्या इंजिनावर ऑटोलाइटचा असंल तर गॅप २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). लुकासचा बसवला असंल तर १४ ते १६ थाऊ. लई जण जुनं मॅन्युअल बघून लुकासला २० ठेवत्यात. कॅप काढल्यावर शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. बुश गेला असंल तर गॅप चारी कॅमवर चार वेगळे येणार.

पसरणीघाट

फोटो टाकलाय. काजळी अजिबात नाही. दोन्ही तोंडं कडेने निळी, मधे जळका डाग. डिस्ट्रिब्युटर लुकासचा आहे, गॅप १५ थाऊच ठेवतो. शाफ्ट किंचित हलतो, पण चारही कॅमवर फीलर गेज सारखंच अडकतं.

तारयंत्री

मी आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकल शिकवतो. फोटो पाहून उद्यमनगर यांच्याशी सहमत आहे, हा जास्तीच्या करंटचा मामला दिसतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा हिशेब कळला की निम्मं काम होतं.

गोल डब्याच्या कॉइल दोन जातीच्या मिळतात. एकीच्या प्रायमरीचा (बॅटरीचा करंट जाणाऱ्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो, ती थेट १२ व्होल्टवर चालते. दुसरीचा साधारण १.५ ओहम. ती एकटी चालवायचीच नसते, तिच्या मागे बाहेरून तेवढ्याच रेझिस्टन्सचा बॅलास्ट (तुमच्या पत्र्यावरचा तो चिनीमातीचा रेझिस्टर) लावावा लागतो. दोन्ही मांडणींत एकूण ३ ओहमच होतात, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना १२ भागिले ३, सुमारे ४ अँपिअर. पॉइंटला एवढं झेपतं.

आता १.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडा. ८ अँपिअर. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॅट उष्णता, आणि ती सगळी एका छोट्या डब्यात. बॅलास्ट असता तर कॉइलच्या वाट्याला २४ वॅट आले असते. गाडी चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो, तेव्हा तर आणखी. ठिणगी मात्र जोरदार पडते, म्हणून सुरुवातीला गाडी ‘मस्त चालते’ असं वाटतं.

मग बॅलास्ट वापरतातच कशाला, तर स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज ९-१० पर्यंत खाली येतं. त्या वेळेपुरती एक वेगळी वायर बॅलास्टला वळसा घालून कॉइलला थेट सप्लाय देते. त्यामुळे थंडीत गाडी लवकर लागते. स्टार्टर सोडला की ती वायर मेली पाहिजे. ती वायर चुकीच्या ठिकाणी जोडली असेल तर बॅलास्ट पत्र्यावर नुसता शोभेला राहतो.

आता ही मोजमापं घ्या. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे.

पहिलं, कॉइलच्या दोन्ही वायर सोडवून प्रायमरीचा रेझिस्टन्स. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्यावर जे ०.२-०.३ दिसतं ते वजा करायचं, नाहीतर १.५ आणि ३ मध्येच घोळ होईल.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, चावी ऑन. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल कॉइलच्या प्लसला. ६-७ व्होल्ट आले तर बॅलास्ट काम करतोय. १२ च्या जवळपास आले तर कॉइलला पूर्ण सप्लाय जातोय. रीडिंग घेतलं की लगेच चावी बंद, कारण या अवस्थेत कॉइल सतत तापत असते.

तिसरं, पॉइंट तसेच मिटलेले ठेवून, काळी पिन तिथेच आणि लाल आधी इंजिनच्या ब्लॉकला, मग डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या बेस प्लेटला. दोन्हीकडे ०.२ व्होल्टच्या आत हवं.

चौथं, गाडी चालू करून रेस दिल्यावर बॅटरीवर किती येतात ते. १४.५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर बघावा लागेल.

जीपवाला_नाशिक

एवढा खटाटोप कशाला? पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाका. माझ्या सीजे-३बी जीपला टाकलंय, पुन्हा फीलर गेज हातात घेतलं नाही. गाडी थंडीतही लगेच लागते.

तारयंत्री

किट चांगलंच असतं, माझा विरोध नाही. पण ते लावायची वेळ ही नव्हे. किटमधला ट्रान्झिस्टरही त्याच कॉइलचा करंट उघड-बंद करतो. ८ अँपिअर पॉइंटला जाळतात तसे त्यालाही जाळतील. फरक इतकाच की जळका पॉइंट घाटात पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं. मॉड्यूल गेलं तर टोइंग. आधी वायरिंग बरोबर करा, मग हवं ते लावा.

मिशिगनहून

वाचतोय, आणि उष्णतेबद्दल एक भर घालतो. माझ्याकडे इथे १९८९ चा फोर्ड एफ-१५० आहे. त्याच्यात पॉइंट नाहीत, इग्निशन मॉड्यूल आहे आणि ते थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर स्क्रूने बसवलेलं असतं. त्याची उष्णता बाहेर जावी म्हणून मागे पांढरी थर्मल पेस्ट लावावी लागते. आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने मॉड्यूल बदलताना पेस्ट न लावताच ते कसलं होतं. ट्रक गरम झाला की बंद, थंड झाला की सुरू, अगदी तुमच्यासारखंच. जुनी पेस्ट खरवडून, पृष्ठभाग पुसून, नवी पेस्ट लावून मॉड्यूल बसवलं, त्यानंतर ते बदलावं लागलेलं नाही. पुढच्या काही मॉडेलमध्ये तर ते मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरवरून काढून लांब, ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर नेलं गेलं.

एफसी मध्ये इंजिन केबिनच्या मधोमध, कव्हरखाली. ती गरम हवा जाणार कुठे? तुमची कॉइल इंजिनवरच आहे म्हणता. करंटचं काहीही निघो, कॉइल तिथून हलवाच.

पसरणीघाट

रीडिंग घेतली. आमच्या पुतण्याने मीटर धरला, मी चावी सांभाळली.

कॉइल प्रायमरी : पिनांचे वजा करून १.५ ओहम.
बॅटरी, सगळं बंद असताना : १२.५.
पॉइंट मिटलेले, चावी ऑन, कॉइलचा प्लस : ११.९.
ब्लॉक : ०.०५. बेस प्लेट : ०.६.
गाडी चालू, रेस दिल्यावर : १४.२.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. घाट चढून आल्यावर कॉइल चटका देत होती, पण तो चिनीमातीचा रेझिस्टर मी मुठीत धरू शकलो. गार होता.

तारयंत्री

तो गार रेझिस्टर म्हणजेच निदान. काम करणारा बॅलास्ट चालत्या गाडीत असा तापतो की बोट टेकवत नाही. तुमच्या बॅलास्टमधून करंट जातच नाहीये.

हिशेब बघा. कॉइलवर ११.९ वजा ०.६, म्हणजे ११.३ व्होल्ट पडतायत. भागिले १.५. साडेसात अँपिअर. कॉइल का फुटली याचं आणखी कारण शोधायची गरज नाही.

पण ०.६ सोडून देऊ नका, तो वेगळा दोष आहे. ब्लॉकचं अर्थिंग उत्तम आहे, बेस प्लेटचं नाही. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये बेस प्लेटपासून बॉडीपर्यंत एक छोटी कापडी वेष्टणाची वायर असते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सने प्लेट सतत मागेपुढे फिरते, तिच्याबरोबर ती वायर वाकत राहते आणि एके दिवशी वेष्टणाच्या आत तुटते. बाहेरून धडधाकट दिसते. मग करंट प्लेटच्या सरकत्या सांध्यातून कसाबसा वाट काढतो. झटके त्यामुळेही येत असणार.

उद्यमनगर

ती वायर बदलताना साधी तांब्याची जाड तार टाकू नका. प्लेट फिरायची बंद हुती, नाहीतर आठ दिसात तार मोडती. टेस्टर मीटरच्या पिनेची जी मऊ, केसासारख्या तारांची वायर असती, तसली घ्या. लांबी थोडी सैल, पण कॅमला घासू देऊ नका.

बॅलास्टच्या वळशाची वायर शोधायला कॉइलच्या प्लसपासनं उलटं चाला. प्लसला दोन वायरी असतील. एक रेझिस्टरकडनं येत असंल. दुसरी कुठं जाते ते बघा, टेप सोडवत.

पसरणीघाट

सापडलं. इंजिन कव्हर काढून, सीट बाजूला करून टेप सोडवत गेलो. कॉइलच्या प्लसवर खरंच दोन वायर एका लगमध्ये दाबल्या होत्या. एक बॅलास्टची. दुसरी पांढरी, ती डॅशबोर्डमागे इग्निशन स्विचला जाते, आणि स्टार्टच्या टर्मिनलला नव्हे तर ‘ऑन’च्या टर्मिनलला. म्हणजे चावी फिरवल्यापासून बंद करेपर्यंत कॉइलला सरळ बॅटरीच. स्टार्टरच्या सोलेनॉइडला (स्टार्टरचा करंट जोडणाऱ्या स्विचला) बघितलं, त्याला बायपासचं छोटं टर्मिनलच नाही. वायरिंग करणाऱ्याला जोडायला जागा मिळाली नाही, म्हणून त्याने ती वायर वर नेऊन स्विचला जोडली असावी.

डिस्ट्रिब्युटरमधली अर्थची वायर चिमट्याने हलकेच ओढली, तर तार वेष्टणातून सरळ बाहेर आली. स्क्रूपाशी तुटलेली होती.

आता प्रश्न : टर्मिनलवालं सोलेनॉइड शोधू, का नुसती पांढरी वायर काढून टाकू?

तारयंत्री

तीन रस्ते आहेत. पांढरी वायर काढली तर काम होईल, फक्त थंडीत स्टार्ट घेताना ठिणगी थोडी अशक्त राहील. टर्मिनलवालं सोलेनॉइड मिळालं तर सगळं जसं असायला हवं तसं होईल. तिसरा, ३ ओहमची कॉइल घ्या आणि बॅलास्ट कायमचा काढा.

उद्यमनगर

तिसरा करा. ३ ओहमची कॉइल कुठल्याबी तालुक्याच्या दुकानात मिळती. गाडी कुणाच्याबी हातात गेली, कुणीबी कॉइल बदलली, तरी चुकायला जागा राहत नाही. मात्र पांढरी वायर आणि रेझिस्टर दोन्ही काढा. ३ ओहमच्या कॉइलमागं रेझिस्टर राहिला तर करंट एक तृतीयांशानं कमी होतोय, मग चढाला गाडी मिस मारणार आणि तुम्ही परत पॉइंट बदलत बसणार. दुकानात डब्यावर बाहेरच्या रेझिस्टरसह वापरा असं लिहिलेली घेऊ नका. आणि डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं तरी काउंटरवरच मीटर लावून घ्या. दुकानदार रागवत नाही.

पसरणीघाट

तसंच केलं. ३ ओहमची कॉइल, काउंटरवर मोजून. बॅलास्ट आणि पांढरी वायर काढली. कॉइल इंजिनवरून काढून पुढच्या पत्र्यावर नेली, जिथे बाहेरची हवा लागते. मधली हाय टेन्शन वायर त्यामुळे लांब घ्यावी लागली. अर्थची मऊ वायर बसवली. पॉइंट नवे, कंडेन्सर नवा. टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, पुन्हा तपासली.

रीडिंग : बेस प्लेट ०.०८. कॉइलचा प्लस, पॉइंट मिटलेले, १२.१. आता थेट सप्लायच आहे म्हणून एवढे, बरोबर ना?

तारयंत्री

बरोबर. १२ भागिले ३, तुमचे ४ अँपिअर आले. कॉइल आता गरम होईल, पण हात ठेवता येईल इतपतच.

एक सवय मात्र घरातल्या सगळ्यांना लावा : इंजिन बंद करून रेडिओसाठी चावी ऑन ठेवायची नाही. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइल तासभर तापत राहते. रेडिओला वेगळा सप्लाय द्या.

उद्यमनगर

नव्या पॉइंटला कंपनीचा तेलाचा पातळ थर असतोय. तो न पुसता बसवला तर तोच जळून काळा होतोय. कोरं व्हिजिटिंग कार्ड घ्या, पॉइंटमध्ये धरून दोन-तीनदा ओढा, डाग उमटायचा थांबला की झालं. फीलर गेजपण पुसून घाला, त्याला कायम तेल असतंय.

आणि कॅमला ग्रीस. तांदळाच्या दाण्याएवढंच, पॉइंटच्या टाचेच्या पुढं. न लावता चालवलं तर टाच झिजती, गॅप आपोआप मिटत जातोय, पॉइंट जास्त वेळ मिटलेले राहत्यात आणि पुन्हा गरमी. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर. हे काम कुणी शिकवत नाही, पण पॉइंटचं आयुष्य ह्याच्यावर हाय.

कोकणी_चाक

धागा वाचून रत्नागिरीहून लिहितोय. आमच्या जीपचा कंडेन्सर बदलावा लागत नाही, पण रोटर (कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) सारखा जातो. नवा टाकला की पंधरवड्यात प्लगला करंट येईनासा होतो. पावसाळ्यामुळे असेल का?

उद्यमनगर

ओलाव्यानं कॅपला आतनं कोळशाची रेघ पडती, ती उजेडात तिरकी धरून बघा. पण रोटरच मरत असंल तर रोटर तपासा. पितळी पट्टी रिव्हेटनं ठोकलेली असती. काही रोटरात ते रिव्हेट इतकं खोल असतंय की शाफ्टपर्यंत प्लास्टिक नावालाच उरतंय. ठिणगी तिथनं शाफ्टात उतरती.

टेस्ट अशी : कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा. कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पक्कडीनं धरून रोटरच्या पितळेपासनं ३ मिलिमीटर लांब धरा. चावी ऑन करून दुसऱ्याला पॉइंट हातानं उघड-मिट करायला सांगा, लाकडी काडीनं. रोटर चांगला असंल तर पयल्या एकाद्या बारीक ठिणगीनंतर काही होत नाही. प्रत्येक वेळी जोरात ठिणगी पडत असंल तर रोटर शाफ्टला अर्थ होतोय. पेट्रोलचा वास असंल तर ही टेस्ट करू नका. रिव्हेट नसलेला, पट्टी प्लास्टिकमध्येच ओतलेला रोटर शोधा.

तारयंत्री

भर घालतो : प्लगचा गॅप ३० थाऊच्या पलीकडे वाढला असेल किंवा एखादी हाय टेन्शन वायर आतून तुटली असेल, तर कॉइलचं व्होल्टेज चढतं आणि जिथे इन्सुलेशन कच्चं तिथून वाट काढतं. तेव्हा रोटर बदलण्याआधी प्लग आणि वायरी बघा. कार्बन कोरची वायर असेल तर ओहममध्ये मोजा. चार वायरींपैकी एकच इतरांपेक्षा खूप जास्त दाखवत असेल तर ती काढा.

कोकणी_चाक

वायरी मोजल्या. तीन नंबरची वायर मीटरवर काहीच दाखवत नाही, सर्किट तुटलेलं. चारही बदलतो आणि रोटरही तपासतो. धन्यवाद.

पसरणीघाट

पावसाळा संपला, म्हणून कळवतोय. गाडी रोज घाट चढतेय, भारासकट. मधे एकही पार्ट बदललेला नाही. काल कॅप काढली : पॉइंटची तोंडं करडी, निळा रंग कुठेच नाही. गॅप १५ चा १४ झाला होता, टाच बसल्यामुळे, तो पुन्हा लावला. उतरवलेला चालू कंडेन्सर टूल किटमध्ये ठेवलाय.

पाचगणीत गाडी उभी केल्यावर कॉइलवर तळवा ठेवून बघतो. गरम असते, पण हात काढावा लागत नाही. शेजारच्या गावात एकाकडे याच गॅरेजात वायरिंग केलेली जीप आहे, तिलाही कॉइलचा त्रास आहे असं कळलं. रविवारी मीटर घेऊन तिकडे जाणार आहे. तिची रीडिंग इथेच टाकतो.